प्रश्न जसाच्या तसा वाचावा

बाबा, तुम्ही खुर्ची ओढून त्याला कूलरच्या वाऱ्यात बसवत होतात आणि मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा ट्रे धरून उभी होते. "बैठिए, बैठिए, यहाँ हवा आएगी," तुम्ही म्हणत होतात. तो लगेच बसला नाही. त्याने आधी बॅगेतून छापील प्रश्नावली काढली, ती पॅडच्या चिमट्यात अडकवली, पेन तपासलं आणि मग बसला. आम्हाला तसंच शिकवलं होतं. आधी साहित्य काढायचं, म्हणजे आपण गप्पा मारायला आलोय असं समोरच्याला वाटत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तेही शिकवलेलं होतं.

तो पाटण्याचा. संस्थेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि आईने दिलेली भाजी माझ्या डब्यातून न विचारता खायचा. पण त्या रविवारी, गाझियाबादच्या आपल्या घरात, तो मला ओळखत नव्हता. तो अन्वेषक होता, तुम्ही उत्तरदाते होतात, आणि मी कुणीच नव्हते, आईलाही मी तसंच बजावलं होतं. मी ट्रे ठेवून आत गेले. मुलाखतीच्या खोलीत तिसरं माणूस असू नये असा नियम आहे. स्वयंपाकघर ही वेगळी खोली धरली जाते. मध्ये दार नव्हतं, पडदा होता.

हे सगळं कसं घडून आलं ते तुम्हाला तेव्हा मी धड सांगितलं नव्हतं. आमची संस्था त्या वर्षी एक पाहणी करत होती. गाझियाबादेतले कारखाने एकामागून एक माणसं कमी करत होते, आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांचं पुढे काय होतं हे कुणीतरी शास्त्रशुद्ध मोजायला हवं होतं. बाजार खुला झाला, अकार्यक्षम कारखान्यांतून सुटलेले श्रम अधिक उत्पादक क्षेत्राकडे वळतील, असं आमचं गृहीतक होतं. श्रम म्हणजे माणसं, पण तसं आम्ही लिहीत नसू. चार कारखान्यांच्या याद्या आल्या. त्यांतला एक तुमचा होता, तिथे तुम्ही तपासणी विभागात होतात. यादृच्छिक आकड्यांचं एक जाडं पुस्तक असतं. डोळे मिटून त्यात पेन्सिल टेकवायची आणि तिथून आकडे घेत जायचं. पेन्सिल मीच टेकवली होती. तुमचा क्रमांक आला.

मी सरांकडे गेले. म्हटलं, हे माझे वडील आहेत, यांच्या जागी दुसरं नाव घेऊ. आमचे सर मऊ बोलायचे आणि त्यामुळे त्यांच्याशी वाद घालता येत नसे. ते म्हणाले, "तुझे वडील म्हणून वगळायचं, तर यादीतला प्रत्येक माणूस कुणाचा ना कुणाचा बाप आहे. माणूस वारला असेल, सापडत नसेल किंवा नकार देत असेल तर बदल. यांतलं काय आहे?" मी म्हटलं, काहीच नाही. "मग मुलाखत होईल. तू घेणार नाहीस, एवढंच."

सरांना मी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं सांगण्यासारखं नव्हतं.

कारखाना सोडल्यावर तुम्ही करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याकडे जाऊ लागलात. आला माल तपासायचा, खरा-खोटा पारखायचा, असं काम. तुम्ही त्याला 'कन्सल्टन्सी' म्हणायचात आणि आई शेजारणींना तोच शब्द सांगायची. सकाळच्या शटल गाडीने तुम्ही दिल्लीला निघायचात, अंधार पडायच्या सुमारास परत. त्या भरवशावर आईने दिल्लीतल्या द्वारकेच्या एका सोसायटीत फ्लॅटसाठी आपलं नाव घालायला लावलं होतं. तिथे तेव्हा नुसते खांब उभे होते. मग एकदा घरचा गॅस संपला, आईला बरं नव्हतं, येताना औषध आणा म्हणून सांगायला मी त्या दुकानात फोन केला. व्यापारी भला माणूस होता. म्हणाला, "साहब? वो तो दिवाली से पहले ही छोड़ गए, बेटा. सब ठीक तो है?" मी म्हटलं, "जी, बिल्कुल." होळी होऊन गेली होती तेव्हा. त्या संध्याकाळी तुम्ही नेहमीच्या वेळी आलात, बूट काढलेत, आणि करोल बागेत आज फार गर्दी होती म्हणालात.

मी गप्प राहिले. तुम्हाला विचारावं तर तुमचा चेहरा कसा होईल ते मला दिसत होतं, आणि आईला सांगावं तर तिचा. आता नमुन्यात तुमचा क्रमांक आला होता. माणूस सध्या काय करतो हे विचारण्यासाठीच ती प्रश्नावली होती. तुम्ही खोटं सांगितलंत तर ते खोटं कागदावर उतरून माझ्याच टेबलावर येणार होतं, आणि मला ते खरं म्हणून मोजावं लागणार होतं. खरं सांगितलंत तर पडद्यामागे आई होती. आठवडाभर मी तिला घराबाहेर काढायचा प्रयत्न केला. "तू भाजी आणायला जा ना त्या वेळेला," म्हटलं. ती म्हणाली, "घरी माणूस यायचाय आणि मी भेंडी निवडत बाजारात फिरू? वेडी का तू?"

तुम्हाला माझ्या विषयाची गंमत वाटायची. मी एम.ए. करत होते तेव्हा माझं पाठ्यपुस्तक घेऊन तुम्ही बाल्कनीत बसायचात आणि मोठ्याने वाचायचात. समतोल. लवचिकता. धक्का. घर्षण. "अगं, हे सगळे शब्द आमच्या वर्कशॉपमधून उचललेत तुम्ही. परत करणार आहात का?" एकदा घर्षणजन्य बेरोजगारी कळेपर्यंत तुम्ही मला सोडलं नाहीत. मी समजावलं, की माणूस एक काम सोडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये थोडा काळ जातो, तो घर्षणामुळे. तुम्ही म्हणालात, "ठीक. पण घर्षण झालं की उष्णता निघते. ती कुठे मोजता?" मी म्हटलं, ती प्रारूपाच्या बाहेर असते. "छान आहे," तुम्ही म्हणालात, "आमची मशिन जळाली असती." आणि मग, "आमच्याकडे माप चुकलं तर भाग बसत नाही. तुमच्याकडे चुकलं तर काय होतं?" "दुसरा कुणीतरी पेपर लिहितो," मी म्हटलं. तुम्ही इतके हसलात की खालच्या मजल्यावरच्या सरदारजींनी वर पाहिलं. पण तुम्ही पुस्तक खाली ठेवताना त्यात खूण घालून ठेवायचात. माझी मुलगी शास्त्र शिकते, असं तुम्ही लोकांना सांगायचात. अर्थशास्त्र म्हणत नसा तुम्ही, नुसतं शास्त्र.

तर त्या रविवारी आई पोह्यांसाठी कांदा चिरत होती. कूलर घरघरत होता आणि मी देवाचे आभार मानत होते, कारण त्या आवाजात बाहेरचं काही कळत नव्हतं. आई द्वारकेच्या स्वयंपाकघराबद्दल बोलत होती. ओटा खिडकीकडे हवा, म्हणत होती. खिडकी पूर्वेला असेल तर सकाळी दिवा लागणार नाही. "तुझ्या बाबांना सांग एकदा जाऊन बघायला. करोल बागेतून काही फार लांब नाही." मी हो म्हणत होते. तेवढ्यात लाइट गेली.

कूलर थांबला. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटला. पडद्यापलीकडून त्याचा आवाज स्वच्छ आला. "आपने कारख़ाना किस कारण से छोड़ा? अपनी इच्छा से, या किसी और कारण से?"

तुम्ही विचारलंत, "काग़ज़ पर तो स्वेच्छा लिखा है. आप क्या लिखेंगे?"

"जो आप कहेंगे, सर."

"तो स्वेच्छा लिखिए."

आईने माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. ती स्वेच्छा किती सक्तीची होती ते तिला माहीत होतं. तो भाग घरात लपलेला नव्हता. तिने कांदा कढईत टाकला. मला वाटलं, चला, कांदा तडतडेल, निदान आवाज होईल. मी गॅस मोठा केला. तिने तो पुन्हा बारीक केला. "जळेल," ती म्हणाली.

पुढचा प्रश्न मला पाठ होता. तो लिहिताना सरांनी आम्हाला दोन आठवडे छळलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की उत्तर बदलतं, म्हणून प्रश्न जसाच्या तसा वाचावा. समजावू नये. मान हलवू नये. वाईट वाटल्याचं दाखवू नये. समोरच्याने अर्थ विचारला तर प्रश्न पुन्हा वाचावा. माझा सहकारी ते सगळं चोख पाळत होता. "पिछले सात दिनों में, क्या आपने कम से कम एक घंटा कोई ऐसा काम किया, जिससे कमाई हो?"

मला वाटलं, आता करोल बाग येणार. खरं सांगते, मला ते यावंसं वाटत होतं. माझ्या तक्त्यात एक खोटा आकडा आला असता, आणि घरात पोहे झाले असते.

"एक घंटा?" तुम्ही विचारलंत. "पूरे हफ़्ते में एक घंटा?"

त्याने प्रश्न पुन्हा वाचला. त्याच वेगाने, तेच शब्द.

"नहीं," तुम्ही म्हणालात.

आईचा हात थांबला. तिला वाटलं, तुम्हाला प्रश्न कळला नसेल. ती मला हळूच म्हणाली, "काय विचारतोय तो? काय नाही म्हणाले?" बाहेर पेन चाललं. मग: "क्या आपने पिछले सात दिनों में काम ढूँढा?"

"नहीं."

"क्या आप कारण बताना चाहेंगे?"

"ढूँढ-ढूँढ के छोड़ दिया, भाई. होली से नहीं ढूँढता. जहाँ जाता हूँ वहाँ मेरी उम्र देखते हैं." आणि मग तुमचा तो तपासणी विभागातला आवाज, कोरडा, मोजका: "और लिखिए कि करोल बाग़ वाला काम अक्टूबर में ख़त्म हो गया था. बाद में कोई गड़बड़ न हो आपके रिकॉर्ड में."

आईने गॅस बंद केला. कढई ओट्यावर उतरवून ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला हे माहीत होतं, हे तिला माझ्या तोंडावरून कळलं. ती स्टुलावर बसली. भिंतीकडे तोंड करून बसली. बाहेर तो प्रश्न वाचत राहिला, शिक्षण, घरातली माणसं, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि तुम्ही उत्तरं देत राहिलात, एकेक, नीट, जणू कुणी तुमच्या हातात मायक्रोमीटर दिला होता.

तो उठला तेव्हा आईने कढई पुन्हा गॅसवर ठेवली, पोहे केले, बशीत वाढले आणि बाहेर नेले. उत्तरदात्याच्या घरी खाऊ नये असा आमचा नियम. तो "नहीं आंटी, नियम नहीं है," म्हणाला. "खा बेटा," आई म्हणाली, "तेरी कोई ग़लती नहीं." त्याने त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून सगळे पोहे खाल्ले.

तो गेल्यावर तुम्ही दाराची कडी लावलीत आणि तिथेच उभे राहिलात. आई म्हणाली, "त्या पोराला सगळं खरं सांगितलंत."

"त्याने विचारलं."

"मी नाही विचारलं?"

"तू विचारायचीस, आज दिवस कसा गेला. त्याचं उत्तर मी द्यायचो."

"म्हणजे नवऱ्याशी बोलायला मी छापील फॉर्म घेऊन बसायचं होतं?"

तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "पोरगी त्या आकड्यांवर काम करणार आहे. तिच्या मापात मी खोटं कसं घालू?"

"आणि माझ्या संसारात चाललं," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "सहा महिने मी दारात उभी राहून तुम्हाला निरोप देतेय. शेजारणींना सांगतेय. द्वारकेची खिडकी कुठे असावी ते ठरवतेय. मी काय पाहणीत नव्हते म्हणून?"

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तर आई म्हणाली, "तू आज कुणीच नाहीस ना? मग गप बैस." लाइट आली, कूलर सुरू झाला, आणि त्या संध्याकाळी घरात दुसरा कुठलाच आवाज झाला नाही.

तुमच्या उत्तरांचं पुढे काय झालं तेही सांगते. जो काम शोधत नाही, तो आमच्या व्याख्येत बेरोजगार नसतो. श्रमशक्तीच्या बाहेर असतो. शोधून थकलेल्याला आम्ही 'हताश श्रमिक' म्हणतो, हा शब्द पुस्तकात आहे, माझा नाही. तुमच्यासारखे बाहेर गेले की बेरोजगारीचा आकडा खाली येतो, आणि आला. मी सरांना म्हटलं, सर, यामुळे संक्रमण सुरळीत झालंसं दिसतं. ते म्हणाले, "व्याख्या आधी ठरते, माणसं नंतर येतात. माणूस बघून व्याख्या बदललीस तर उद्या कुणीही बदलेल, आणि ते तुझ्या वडिलांच्या बाजूने बदलणार नाहीत." मी चिडले होते, पण त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही नाही. एवढंच झालं, की मी हट्ट धरून तक्त्यात एक वेगळी ओळ मागितली, काम शोधणं थांबवलेल्यांची, आणि सरांनी ती दिली. अहवाल आला तेव्हा वरचा, बेरोजगारीचा आकडा सगळीकडे गेला. ती ओळ कुणी वाचली का, मला माहीत नाही. तुम्ही वाचलीत. बोट ठेवून वाचलीत आणि म्हणालात, "बरोबर आहे. मी इथे बसतो."

आता मी अन्वेषकांना शिकवते. काल गुडगावच्या एका सभागृहात प्रशिक्षण होतं. एका मुलीने विचारलं, "मॅम, समोरचा खोटं बोलतोय हे कळलं तर काय करायचं?" मी म्हटलं, तो जे सांगतो ते लिहायचं. "और सच बोल दे तो?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मीही हसले. मग मला पुढची स्लाइड सापडेना. चहाची सुट्टी अर्धा तास आधी दिली.

आज दुपारी द्वारकेच्या घरात हे लिहिते आहे. ओटा खिडकीकडे नाही, भिंतीकडे आहे. शेवटी मिळाला तो दुसराच फ्लॅट, आणि तो मिळाला तेव्हा तुम्ही नव्हतात. आई शेजारच्या खोलीत टीव्हीवरच्या मालिकेशी भांडते आहे. हे तिला वाचून दाखवणार नाही, आणि फाडणारही नाही. आमच्या शास्त्रावर मी अजून विश्वास ठेवते, बाबा. शब्द जसेच्या तसे वाचले, मान हलवली नाही, म्हणूनच तुम्ही त्याला खरं सांगू शकलात असं मला वाटतं. आमच्यापैकी कुणालाही तुम्ही ते सांगू शकला नसतात, आमच्या माना हलल्या असत्या. पण दिवाळीपासून त्या रविवारपर्यंत, सकाळच्या शटलने जाऊन संध्याकाळी परत येईपर्यंत, तुम्ही कुठे बसत होतात, हे मला आजही माहीत नाही. प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता. तुम्ही होतात तेव्हा मी विचारला नाही, आणि आईला विचारायला मी घाबरते.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बाहेरच्या खोलीत बनियनवर बसला होतात. आई कपडे करून आली, पर्स घेतली आणि तुम्हाला म्हणाली, "उठा. रोज जाता ती जागा दाखवा मला." तुम्ही शर्ट घातलात आणि दोघं शटलने दिल्लीला गेलात.